मरणाच्या दारातून परत आलेली माणसं आणि देवाचे चमत्कार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावी चमत्कार सादरीकरणाचे, म्हणजे बुवांचे चमत्कार करून दाखवून त्यामागची युक्ती सांगण्याचे, कार्यक्रम करते. कार्यक्रम संपतो, पोरं सतरंज्या गुंडाळायला लागतात, तेव्हा कुणीतरी हळूच जवळ येऊन विचारतं, "बाई, एक विचारू? पण रागावू नका." खालचे बहुतेक प्रश्न असेच आले आहेत. ज्यांनी विचारले त्यांच्यात कुणाची आई आयसीयूत होती, कुणाचा भाऊ नुकताच गेला होता. त्यामुळे उत्तरं देताना तेच चेहरे माझ्यासमोर आहेत.

माझ्या वडिलांचं हृदय थांबलं होतं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी प्रकाश पाहिल्याचं सांगितलं. ते खोटं बोलतात असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही, मुळीच नाही. त्यांना प्रकाश दिसला असणार. त्यांना जे जाणवलं ते त्यांच्यापुरतं खरंच आहे. प्रश्न पुढचा आहे : जे दिसलं ते शरीराबाहेर कुठंतरी होतं, की मेंदूतच घडलं?

माझ्या आजीचं सांगते. मी चौदा वर्षांची होते. न्यूमोनियानं ती तालुक्याच्या दवाखान्यात तीन दिवस बेशुद्ध होती. डोळे उघडल्यावर पाणी मागितलं आणि म्हणाली, "घोंगडी पांघरलेले दोघं आले होते गं. मनगटाला धरून घेऊन गेले. तिथं एक म्हातारा चोपडी घेऊन बसलेला. त्यानं पान उलटलं नि त्या दोघांवर डाफरला, अरे वरल्या आळीची सखू सांगितली होती, ही तर खालच्या आळीची." आजीचं नाव सखूच होतं. मनगट तिनं मला दाखवलं, तिथं काळंनिळं झालं होतं. सलाईनची सुई तिथंच होती.

घरातल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला, माझ्याही. वरल्या आळीची सखू मात्र त्यानंतर अकरा वर्षं जगली. आजी खोटं बोलली नव्हती. वरल्या आळीत जाऊन बघावं, एवढंच कुणाच्या मनात आलं नाही.

पण जगभरच्या लोकांना एकच दृश्य दिसतं ना? बोगदा, प्रकाश, गेलेली माणसं?

असं आपण ऐकतो, कारण अमेरिकेत १९७५ साली रेमंड मूडी यांनी या अनुभवांची जी यादी मांडली ती पुढं सिनेमा आणि मासिकांतून सगळीकडे पोचली. भारतातले अनुभव त्या यादीशी जुळत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि पुनर्जन्माचे अभ्यासक इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातले १६ अनुभव प्रसिद्ध केले. त्यात बोगदा नाही. वरून आपलंच शरीर पाहिल्याचं वर्णन नाही. आहेत ते न्यायला आलेले दूत, वही घेऊन बसलेला माणूस आणि "चुकीचा माणूस आणला" म्हणून परत पाठवणं. तो लेख मी कॉलेजात वाचला तेव्हा आजीच आठवली. तिनं तो वाचला असणं शक्यच नव्हतं, पण यमदूत आणि चित्रगुप्त तिनं लहानपणापासून कीर्तनात ऐकले होते.

ख्रिस्ती माणसाला येशू भेटतो, आपल्याकडे चित्रगुप्त भेटतो. पलीकडे एकच जग असेल तर तिथला कारभार पाहणाऱ्याच्या धर्माप्रमाणे बदलू नये. समान काय राहतं? शांत वाटणं, वेदना नाहीशी होणं, उजेड, वेळेचं भान सुटणं. मेंदू सगळ्यांचा सारखाच, म्हणून एवढं सारखं असणारच.

हृदय थांबलं, मेंदू बंद पडला, तरी अनुभव आला. हे मेंदूतलं कसं असेल?

या प्रश्नावर सगळा वाद उभा आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

पहिली गोष्ट, हृदय थांबणं म्हणजे मरण नव्हे. हृदय थांबल्यावर दहा-वीस सेकंदांत शुद्ध हरपते आणि मेंदूच्या पृष्ठभागावरची विद्युत नोंद सपाट होते. पेशी मात्र त्या क्षणी मरत नाहीत, त्यांना काही मिनिटं लागतात. म्हणून तर छाती दाबून माणूस परत आणता येतो. कायद्यानं ज्याला मेंदूमृत्यू म्हणतात तो वेगळा. अवयवदानासाठी चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासण्या करतं आणि मगच तो जाहीर होतो. तिथून परत येऊन कुणी काही सांगितल्याचं उदाहरण नाही. आपण ज्यांची वर्णनं ऐकतो ती सगळी माणसं मरणाच्या दारापर्यंत गेली होती, दार ओलांडलेलं कुणी नव्हतं.

दुसरी गोष्ट वेळेची. रुग्ण सांगतो, "मी गेलो तेव्हा हे पाहिलं." पण अनुभवावर घड्याळ नसतं. तो शुद्ध हरपताना आला, मधल्या काळात आला, की रक्तपुरवठा परत सुरू होऊन मेंदू जागा होताना आला? पहाटे गजर वाजायच्या आधीच्या पाच मिनिटांत आपण आख्खं लग्न स्वप्नात उरकतो. जागं झाल्यावर वाटतं, रात्रभर तेच चाललं होतं.

तिसरी गोष्ट, रक्त कमी पडलेला मेंदू काय करतो हे थोडंफार पाहिलेलं आहे. अमेरिकेत लढाऊ वैमानिकांना मोठ्या फिरत्या यंत्रात बसवून जोराने फिरवतात, डोक्यातलं रक्त खाली उतरतं आणि वैमानिक बेशुद्ध होतो. जेम्स व्हिनरी यांनी अशा अनेक वैमानिकांच्या नोंदी ठेवल्या. नजर कडेनं काळी होत जाऊन बोगद्यासारखी होते, मग छोटी, स्पष्ट, सुखद स्वप्नं पडतात. हे सगळे तरुण, धडधाकट, मरणाच्या जवळपासही नसलेले लोक.

मिशिगन विद्यापीठात जिमो बोर्जिगिन यांच्या गटानं २०१३ मध्ये उंदरांत आणि २०२३ मध्ये माणसांत मरतानाच्या मेंदूची नोंद घेतली. व्हेंटिलेटर काढलेल्या चार रुग्णांपैकी दोघांच्या मेंदूत शेवटच्या काळात गॅमा लहरींची, म्हणजे वेगवान विद्युत लहरींची, एकदम उसळी दिसली. यावरून कुणी "सिद्ध झालं" म्हणत असेल तर मी त्यांनाही थांबवते. रुग्ण चारच होते, दोघांनाही आधी फिट आल्याचा इतिहास होता, आणि त्यांना काय जाणवलं ते सांगायला ते राहिले नाहीत. मरताना मेंदू एकदम विझत नाही, इतकंच त्यातून घ्यावं.

ऑपरेशन टेबलावरून वर तरंगत डॉक्टर काय करत होते ते पाहिल्याचं लोक सांगतात. त्याचं काय?

हा दावा मला आवडतो, कारण तो तपासता येतो. आत्मा छताजवळ असेल तर छताजवळ ठेवलेलं चित्र त्याला दिसलं पाहिजे.

सॅम पर्निया यांनी हेच केलं. ते स्वतः या अनुभवांबद्दल आस्था असलेले डॉक्टर आहेत. ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रियातल्या १५ रुग्णालयांत त्यांनी उंच फळ्या बसवल्या आणि फक्त वरून दिसतील अशी चित्रं त्यांवर ठेवली. निष्कर्ष २०१४ मध्ये आले. हृदय थांबल्याच्या २,०६० घटना, त्यातून वाचून मुलाखत देऊ शकलेले १४० जण, सविस्तर बोललेले १०१. आजूबाजूचं पाहिल्या-ऐकल्याचं स्पष्ट आठवत होतं दोघांनाच, आणि दोघंही फळी नसलेल्या खोलीत होते. त्यातल्या एकाचं वर्णन बरंच जुळलं, यंत्राचा आवाजसुद्धा. हे मी लपवणार नाही. पण छाती दाबणं चालू असताना मेंदूला थोडं रक्त मिळत असतं, आणि कानावर पडलेल्यातून मन चित्र उभं करतं.

२०२३ मध्ये दुसरा टप्पा प्रसिद्ध झाला. ५६७ घटना, ५३ जण वाचले, २८ जणांची मुलाखत झाली. टॅबलेटवर चित्र आणि कानात फळांची नावं अशी सोय होती. चित्र कुणालाही सांगता आलं नाही. फळांची नावं एकानं ओळखली, म्हणजे इथंही कानच.

तरंगल्यासारखं वाटणं कृत्रिमरीत्याही घडवता येतं. जिनिव्हात २००२ मध्ये मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लँके अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या, एका बाईच्या मेंदूत कानाच्या वर-मागे असलेल्या एका भागाला हलका विद्युतप्रवाह देत होते. प्रवाह दिला की तिला आपण वरून स्वतःला पलंगावर बघतोय असं वाटायचं, बंद केला की थांबायचं. आपलं शरीर कुठं आहे हे मेंदू सतत जुळवत असतो, आणि ती जुळणी बिघडू शकते.

पॅम रेनॉल्ड्स यांच्या प्रकरणाचं काय?

यूट्यूबमुळे हा प्रश्न अलीकडे मराठीतही येतो. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्यावर शस्त्रक्रिया झाली. शरीर १६ अंशांच्या आसपास थंड केलं, हृदय थांबवलं, डोक्यातलं रक्त काढून घेतलं. नंतर त्यांनी कवटी कापायच्या करवतीचं वर्णन केलं आणि डॉक्टरांमधलं बोलणं सांगितलं. ऐकून थरारायला होतं.

पण शस्त्रक्रियेत काय कधी झालं याच्या वेळेच्या नोंदी उपलब्ध आहेत. करवत चालली आणि ते बोलणं झालं तेव्हा त्यांचं हृदय चालू होतं आणि शरीर थंड करणं सुरूही झालं नव्हतं. त्या भुलीखाली होत्या. भुलीतही क्वचित थोडी जाणीव शिल्लक राहते, हे भूलतज्ज्ञ जाणतात. रक्त थांबवलेल्या काळातलं, बाहेरून पडताळता येईल असं काही त्यांच्या सांगण्यात नाही. गोष्ट सांगताना लोक दोन वेगवेगळ्या तासांना एकत्र चिकटवतात.

ऑक्सिजन कमी पडल्यानं होत असेल तर सगळ्यांनाच का होत नाही?

उत्तम प्रश्न. नेदरलँड्समध्ये पिम व्हान लोमेल यांनी ३४४ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. असा अनुभव ६२ जणांना आला, म्हणजे १८ टक्के. त्यावरून त्यांनी हाच आक्षेप घेतला, आणि तो रास्त आहे. फक्त ऑक्सिजन हे एकच कारण पुरत नाही. औषधं, कार्बन डायऑक्साइड, भीती, स्मरणशक्ती, वय, सगळं मिळून हे घडत असावं. पण तोच प्रश्न दुसऱ्या बाजूलाही लागू आहे. शरीर सोडून जाणारा आत्मा सगळ्यांना असेल तर उरलेल्या ८२ टक्क्यांकडे सांगायला काहीच कसं नाही?

आमच्याकडे माणूस तिरडीवरून उठून बसला. हा तरी चमत्कार ना?

उठला यावर माझा विश्वास आहे. तो मेला होता यावर नाही.

घरी, घाईत, नाडी चाचपून "गेले" म्हटलं जातं. नाडी फार मंद असेल, अंग गार पडलं असेल, साखर एकदम उतरली असेल किंवा झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या असतील तर अनुभवी माणसाची बोटंही फसतात. छाती दाबणं थांबवल्यावर काही मिनिटांत हृदय आपोआप सुरू झाल्याच्याही नोंदी वैद्यकात आहेत. अशी बातमी कानावर आली की मी एकच विचारते : ईसीजी काढला होता का, आणि पट्टी कुठं आहे? आजवर एकदाही पट्टी पुढं आलेली नाही. यात देवाला श्रेय द्यायच्या आधी एक भयंकर शंका मनात येते, की अशा किती जणांना आपण उठायला वेळच दिला नसेल. म्हणून घरी कुणी गेलं तर डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या. थोडा वेळ लागू दे.

१९९५ साली गणपती दूध प्यायला. मी स्वतः पाजलं आहे!

मीही पाजलं आहे. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. शाळा सोडून आम्ही मैत्रिणी रांगेत उभ्या राहिलो होतो, आणि माझ्या चमच्यातलं दूध खरंच गेलं. तो आनंद मला अजून आठवतो.

आता कार्यक्रमात मी काय करते ते सांगते. पितळेची छोटी मूर्ती घेते, ओल्या फडक्यानं पुसते. चमचा काठोकाठ भरून सोंडेला टेकवते आणि अगदी किंचित कलता करते. दुधाचा फुगीर पृष्ठभाग ओल्या धातूला लागला की पृष्ठताणामुळे दूध तिकडं ओढलं जातं आणि पातळ पापुद्र्यासारखं पोटावरून खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर तर दिसतही नाही. मग मी दुधात चिमूटभर कुंकू टाकते. दुसऱ्या चमच्याला सोंडेपासून पायापर्यंत लाल ओघळ उमटतो आणि पोरं ओरडतात, "बाई, खाली चाललंय!" त्या वेळी दिल्लीतल्या एका मंदिरात गेलेल्या सरकारी शास्त्रज्ञांनीही दुधात रंग घालूनच हे दाखवलं होतं. मूर्तीच्या जागी माझी पाण्याची बाटली ठेवली तरी ती "पिते".

बुवा हातातून अंगारा काढतात, लिंबातून रक्त काढतात, मंत्रानं होम पेटवतात. मी डोळ्यांनी पाहिलंय.

डोळ्यांनी पाहिलेलंच मीही दाखवते. अंगारा म्हणजे राख भाताच्या पेजेत मळून वाळवलेली गोळी, अंगठ्याच्या बेचक्यात धरलेली. हात फिरवताना ती चुरडायची. लिंबासाठी सुरीच्या पात्यावर जास्वंदीचं फूल चोळून वाळवायचं. पातं स्वच्छच दिसतं, आणि आंबट रस लागला की लालभडक "रक्त" टपकतं, कारण जास्वंदीचा रंग आम्लात लाल होतो. घरी करून बघा, पाच रुपयांत होतं. होमात पोटॅशियम परमँगनेट आधीच पेरलेलं असतं आणि वरून "तूप" म्हणून ग्लिसरीन सोडतात. मंत्र लांबवायचा, कारण पेट घ्यायला थोडा वेळ लागतो.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी श्रीलंकेत राहणाऱ्या केरळी बुद्धिवादी अब्राहम कोवूर यांनी असा एक तरी प्रकार फसवणुकीला वाव न ठेवता करून दाखवणाऱ्याला एक लाख रुपये जाहीर केले होते. अमेरिकेत जादूगार जेम्स रँडी यांचं असंच बक्षीस दहा लाख डॉलरपर्यंत गेलं आणि २०१५ मध्ये बंद झालं. दोन्ही रकमा कुणालाही जिंकता आल्या नाहीत.

पण रोग बरे होतात त्याचं काय?

होतात. काही आपोआप, काही चालू औषधानं, आणि काहींचं निदानच चुकीचं असतं. फ्रान्समधल्या लूर्द या ख्रिस्ती तीर्थस्थानी १८५८ पासून कोट्यवधी आजारी माणसं गेली. चर्चनं स्वतः चौकशी करून मान्य केलेले चमत्कार जेमतेम सत्तरच्या घरात आहेत. कापलेला पाय परत उगवल्याचा त्यात एकही नाही. मदर तेरेसा यांच्या नावावरचा पहिला चमत्कार पश्चिम बंगालमधल्या एका बाईच्या पोटातली गाठ विरघळण्याचा. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जाहीरपणे सांगितलं होतं की ती क्षयाच्या औषधांनी बरी झाली.

माझा राग इथं येतो, तो लपवत नाही. आमच्या शेजारी एक काकू होत्या, साखरेच्या. एका बुवानं त्यांना सांगितलं, "सुया बंद कर, श्रद्धा कमी पडते." त्यांनी इन्सुलिन सोडलं. नवव्या दिवशी धाप लागली म्हणून आम्ही रिक्षात घातलं. श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. त्या वाचल्या नाहीत. अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी तोच बुवा घरी येऊन शांतीचे अकरा हजार घेऊन गेला. काकांनी पैसे दिले, कारण न दिल्यास मुलाचं काय होईल अशी भीती घातली होती.

तुम्ही हिंदूंच्याच मागे का लागता?

लागत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये माहीमच्या समुद्राचं पाणी "गोड" झालं म्हणून सगळ्या धर्मांच्या लोकांनी ते घटाघट प्यायलं आणि बाटल्यांत भरून घरी नेलं. पावसाळ्यात मिठी नदीचं गोडं पाणी तिथंच येऊन मिळतं, शहराची घाण घेऊन. २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागात येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल इडमारुकू यांनी जाऊन पाहिलं, तर जवळची मोरी तुंबली होती आणि पाणी केशाकर्षणानं भिंतीतून लाकडात चढत होतं. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. मोरी तुंबली आहे असं सांगितल्याबद्दल.

मग ज्ञानेश्वरांनी रेड्याकडून वेद वदवले, तुकोबांची गाथा इंद्रायणीत तरली, हेही नाकारता?

इतिहास म्हणून त्याला पुरावा नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण त्या कथा सांगतात काय ते मला मनापासून भावतं. ज्यांना वेदाचा अधिकार नाकारला त्यांच्या बाजूनं रेडा बोलतो. बुडवलेले अभंग लोकांच्या तोंडी राहिले. हे खरंच घडलं, ते तोंडपाठ करणाऱ्या माणसांमुळे. आणि तुकोबा स्वतः काय म्हणतात पाहा : "दाऊं नेणें जडीबुटी । चमत्कार उठाउठी ॥" नवसाबद्दल तर त्याहून रोखठोक : "नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती ॥" मी वारीत चालले आहे, पुन्हा चालेन. चमत्कार काढून घेतल्यानं माझ्या विठोबाचं काही कमी झालेलं नाही.

महाराष्ट्रातला जादूटोणाविरोधी कायदा श्रद्धेवर बंदी घालतो का?

नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी कितीतरी वर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला, मग चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं, फसवणं, दहशत बसवणं, भूत उतरवण्यासाठी मारहाण करणं, उपचार घ्यायला अडवणं, यांना सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. कीर्तन, वारी, प्रदक्षिणा, एवढंच काय, दिवंगत संतांचे चमत्कार सांगणंसुद्धा कायद्यानं स्पष्टपणे वगळलं आहे. वर सांगितलेल्या काकूंसारखा प्रकार दिसला तर पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी असतो, त्याच्याकडे जा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

आई आयसीयूतून घरी आली. म्हणते, "तुझे बाबा भेटले, अजून वेळ आहे म्हणाले." मी तिला काय सांगू?

काही सांगू नका, विचारा. बाबा कुठं उभे होते, अंगावर कुठला सदरा होता, आणखी काय बोलले. तिला उपचार थांबवायला कुणी सांगत नाही, पैसे मागत नाही, तोवर यात खोडून काढण्यासारखं काय आहे? मी पुराव्याची भाषा दावा करणाऱ्यासाठी राखून ठेवते. आठवण सांगणाऱ्यासाठी नाही.

आजीला मी त्या म्हाताऱ्याबद्दल खूप वर्षांनी विचारलं होतं. म्हणाली, चष्मा लावलेला होता, तलाठ्यासारखा, आणि चोपडीला लाल कापडाची बांधणी होती. आमच्या घराचा सातबारा तशाच चोपडीत असायचा.